बरणीतला चिखलाचा ज्वालामुखी

सोडा आणि व्हिनेगर आधी बाजूला ठेवा. विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की शाळाशाळांतून तोच एक ज्वालामुखी निघतो: पुठ्ठ्याचा डोंगर, पोटात बाटली, वरून लाल रंगाचा फेस. दिसतो छान, पण मुलाला त्यातून एवढंच कळतं की दोन पदार्थ एकत्र केले की फेस येतो. जमिनीच्या पोटात असं काही होत नाही. मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत २४ वर्षं विज्ञान शिकवलं आणि त्यातली शेवटची ९ वर्षं मुलांकडून दुसराच ज्वालामुखी करून घेतला, चिखलाचा. असे ज्वालामुखी जगात खरोखर आहेत, तिथे जमिनीखाली कोंडलेला चिखल दाबानं वर येतो. आपल्या बरणीतल्याला रंग नाही, आग नाही. पण खऱ्या जागी जे घडतं तेच बरणीत घडतं, आणि लागणारी माती आपल्या शिवारातच आहे. म्हणून कसा करायचा ते बैजवार सांगते.

सुरुवात मेंदीच्या कोनापासून करा. ताजा कोन घ्या, टोक कापू नका, मुलाच्या हातात द्या आणि दाब म्हणा. कोन फुगतो, टणक होतो, बाहेर काही येत नाही. मग टाचणीनं भोक पाडा. मेंदीची बारीक दोरी वर येते. मेंदी गरम नव्हती, तिच्यात काही जळत नव्हतं. ती कोंडलेली होती, तिच्यावर दाब होता आणि तिला वाट मिळाली. निम्मा धडा इथे झाला. उरलेला निम्मा म्हणजे जमिनीखाली हा दाब देतं कोण, तो बरणीत दाखवायचा.

माती दोन प्रकारची लागते. चिखलासाठी काळी आणि झाकणासाठी कुंभाराची. काळी माती मी येळ्ळूरच्या शिवारातून आणायची. उन्हाळ्यात त्या रानात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या दोन पावसांत त्या मिटूनही जातात. ही फुगणारी माती म्हणजे बसाल्ट नावाचा काळा दगड झिजून तयार झालेली स्मेक्टाइट जातीची चिकणमाती, पापुद्र्यांच्या मधे पाणी धरून ठेवणारी. आता गंमत बघा. चिखलाचे खरे ज्वालामुखी जिथे आहेत, तिथल्या खोल थरांतही बहुतेक वेळा याच जातीची माती असते. ती काही किलोमीटर खाली गाडली गेली आणि ६० ते १५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान तापली की तिचं हळूहळू इलाइट नावाच्या दुसऱ्या खनिजात रूपांतर होतं आणि पापुद्र्यांमधलं पाणी सुटतं. सुटतं, पण वरचा थर त्याला जाऊ देत नाही. येळ्ळूरचा शेतकरी ज्या मातीला पावसात शिव्या घालतो, तिच्यातच हे सगळं आहे, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. माती नुसती चिकट राहत नाही मग, ती बघण्याजोगी होते.

झाकणाची माती खानापूरच्या कुंभारमामांकडून आणा. खानापूरची माती भांड्यांसाठी नावाजलेली, म्हणून तर कुंभारकामाचं प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था गावात आली. मामांना सांगायचं, चाकावर चढवायला मळलेली द्या. ती लोण्यासारखी एकजीव असते, खडा नाही, हवा नाही. घरी मळलेल्या मातीला हमखास चीर जाते, म्हणून तो खटाटोप करू नका. मामा पैसे घेत नाहीत, पण मुलांना सोबत न्या आणि मळताना बघू द्या. मातीतली हवा का काढायची, हे मामा हातानं दाखवतात, तसं मला फळ्यावर कधी जमलं नाही.

काळी माती दोन रात्री बादलीत भिजवा. ढेकळं आपोआप विरघळतात. मग पिठाच्या चाळणीतून नव्हे, त्याहून बारीक, जुन्या सुती धोतरातून गाळा. पहिल्या वर्षी मी हे केलं नाही. प्रदर्शनाच्या दिवशी बारीक मुळं आणि खडे नळीच्या तोंडाशी अडकले, बरणी गप्प बसली आणि तीन मुली रडवेल्या होऊन उभ्या राहिल्या. तेव्हापासून गाळणं मी स्वतः तपासते. गाळलेला चिखल अंबोळीच्या पिठाएवढा दाट हवा: बोट बुडवून वर काढलं तर धार लागू नये, थेंब तुटून पडावा.

बरणी किराणा दुकानातली, चॉकलेटची, पारदर्शक, पाच लिटरची. दुकानदार रिकामी देतो. मेडिकलमधून सलाइनचा नवा सेट आणा. वापरलेला अजिबात नको. त्याच्या नळीवर जी चाकाची कळ असते तीच आपली तोटी, हवा किती सोडायची ते तिच्यावर ठरतं. हवेसाठी माशांच्या टाकीचा लहान पंप, बेळगावात खडे बाजारच्या बाजूला सहज मिळतो. वीज नसेल तर सायकलचा हातपंप आणि फुटबॉलात हवा भरायची सुई. सुई नळीत घट्ट बसते, पण पंप सावकाश मारायचा. बरणीचं स्वतःचं झाकण कधीही लावायचं नाही. ती उघडीच राहिली पाहिजे, हा नियम मुलांकडून दोनदा वदवून घ्या.

आता रचायला बसा. नळीच्या टोकाला मलमलीची चिंधी दोऱ्यानं बांधा आणि टोक बरणीच्या तळाशी मधोमध ठेवा. नळीचा बाकीचा भाग भिंतीला चिकटवून वर घ्या. तळाशी मलप्रभेची धुतलेली वाळू दोन बोटं. तिच्यावर चिखल हळूच ओता, डाव उलटा धरून त्याच्या पाठीवरून, म्हणजे वाळू उसळत नाही. चिखल चार-पाच बोटं भरला की भांडं रात्रभर तसंच राहू द्या.

सकाळी झाकण. हे काम नीट करा, सगळं यावर आहे. सुती कापडाचा गोल तुकडा बरणीच्या रुंदीपेक्षा दोन बोटं मोठा कापा, मधे बोराएवढं भोक ठेवा, ओला करून चिखलावर पसरा आणि कडा भिंतीला वर चढवा. कुंभारमामांच्या मातीची अंगठ्याएवढी जाड भाकरी थापा, मधे किंचित फुगीर, पालथ्या वाटीसारखी. ती कापडावर ठेवा आणि कडा अंगठ्यानं भिंतीला दाबत दाबत एक फेरी पूर्ण करा. मग दुसरी फेरी. नळी जिथून वर येते तिथे मातीची वेगळी वळी लावा, हवा पळते ती तिथूनच.

इथे थांबा आणि मुलांना विचारा, ही भाकरी खालच्या चिखलापेक्षा जड आहे, मग बुडत का नाही? खूप उत्तरं येतात. खरं उत्तर असं: कडा बंद आहेत, चिखलाला जायला जागा नाही, म्हणून भाकरीचं वजन चिखलातल्या पाण्यानंच उचललं आहे. गाळ साचतो तेव्हा एरवी दाण्यावर दाणा बसतो, मधलं पाणी निघून जातं आणि वरचं ओझं दाणे पेलतात. पण नदीनं गाळ फार भराभर आणून टाकला, वर चिकणमातीचा बंद थर बसला, की पाण्याला निघता येत नाही. मग दाण्यांनी पेलायचं ओझं पाणी पेलायला लागतं. जमिनीखालचा कोंडलेला दाब म्हणजे हाच. त्यात गाडलेला पालापाचोळा आणि सूक्ष्म जीव कुजून मिथेन तयार होतो, तो चिखल हलका करतो. पृथ्वीच्या कवचाचे प्रचंड तुकडे, म्हणजे भूखंड, बाजूनं एकमेकांना रेटत असतील तर पिळणं आलंच, मेंदीच्या कोनासारखं.

आता विणकामाच्या सुईनं फुगीर भागाच्या शिखरावर, कापडातल्या भोकाच्या बरोबर वर, आरपार छिद्र पाडा. हवा अजून सोडलेली नाही. तरीही चिखल वर येतो. आधी छिद्राच्या तोंडाशी काळा टिपका दिसतो, तो चकाकतो, फुगतो, आणि एक ओघळ उतरतो. दरवर्षी या जागी वर्ग एकदम शांत होतो. "बाई, आपोआप वर यालाय!" असं पहिल्या वर्षी एक मुलगी ओरडली होती, आणि तिला जे दिसलं ते बरोबर होतं. झाकणाच्या वजनानंच तो वर येतो.

मग कळ अगदी थोडी उघडा. वाळूतून बुडबुडे निघतात, चिखलातून चढतात, फुगीर भागाखाली जमतात आणि छिद्रातून बाहेर पडताना चिखल घेऊन येतात. बुडबुडा वर येतो, त्याचा पडदा ताणून पातळ होतो, इतका की पलीकडची खिडकी त्यात दिसते, आणि फट् करून फुटतो. थेंब काठावर पडतात. काठ चढत जातो. अर्ध्या तासात बोटभर उंचीचा शंकू उभा राहतो, माथ्यावर छोटंसं तळं, त्यात पुढचा बुडबुडा. कळ जास्त उघडलीत तर नुसते शिंतोडे उडतील, शंकू होणार नाही. धीर धरा.

शक्य असेल तर दोन बरण्या करा, एकीत चिखल दाट, दुसरीत ताकासारखा पातळ. दाटाचा शंकू उभा होतो, पातळ पसरतो आणि थाळीएवढं डबकं होतं. खऱ्या जागीही याच कारणानं कुठे माणसाएवढे सुळके दिसतात, तर कुठे नुसती बुडबुडणारी तळी. आणखी एक गोष्ट मुलांच्या नजरेला आणून द्या: चिखल जितका बाहेर येतो, तितकी भाकरी खाली खचते, कडेला चीर पडते, कधी त्या चिरेतून दुसरं तोंड फुटतं. ही चीर बुजवू नका. तिचं काम पुढे आहे.

हे सगळं मी कुठून घेऊन बसले, ते सांगायला हवं. माझं माहेर निपाणीचं, भावसारांचं. आमची कुलदेवी हिंगलाजमाता. मूळ स्थान बलुचिस्तानात, हिंगोल नदीच्या काठी, गुहेत. आजीच्या सासऱ्यांच्या घरातलं कोणी फाळणीच्या आधी मुंबईहून बोटीनं कराचीला आणि पुढे वाळवंटातून यात्रेला गेल्याची गोष्ट ती आम्हाला सांगायची. देवीच्या आधी चंद्रगुपाला जावं लागतं, म्हणायची. तो मातीचा डोंगर आहे, माथ्यावर चिखल उकळतो, तिथे उभं राहून आपली पापं कबूल करायची, नारळ आणि रोट वाहायचा, बुडबुडा आला की देवानं ऐकलं असं समजायचं, मग पुढे जायचं. मी कितीतरी वर्षं ती पुराणातली गोष्ट समजत होते. शिक्षिका झाल्यावर भूगोलाच्या पुस्तकात मकरान किनाऱ्यावरचे चिखलाचे ज्वालामुखी वाचले आणि त्यात चंद्रगुप नाव दिसलं. शंभरेक मीटर उंचीचा, खरा, आजही बुडबुडणारा. चिखल उकळत नाही, थंडच असतो, वायूमुळे उकळल्यासारखा दिसतो. आजी तेव्हा नव्हती. असती तर पहिली बरणी तिला दाखवली असती.

तिथे तो का आहे? अरबी भूखंडाचा तुकडा युरेशियाखाली सरकतो आहे आणि समुद्रतळावरचा जाडजूड गाळ चमच्यानं खरवडावा तसा किनाऱ्याला लोटला जातो, पिळला जातो. २४ सप्टेंबर २०१३ रोजी बलुचिस्तानात ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला आणि शेकडो किलोमीटर दूर ग्वादरजवळच्या समुद्रात चिखलाचं एक नवं बेट वर आलं, सुमारे २० मीटर उंच. लोकांनी त्याला जलजला कोह म्हटलं, भूकंपाचा डोंगर. तीनेक वर्षांत लाटांनी ते धुऊन नेलं. हे मुलांना बरणीवर दाखवता येतं: चिखल वर येणं थांबलं की टेबलाला तळहातानं हलके ठोके द्या, तोंडातून पुन्हा एक बुडबुडा निघतो.

आपल्या देशात हे बघायचं तर अंदमानात, बाराटांग बेटावर. तिथे लोक त्याला जलकी म्हणतात. तिथे खाली सरकतो आहे तो भारतीय भूखंड, बाकी गोष्ट तीच. वाट जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जाते, जिरकाटांगहून गाड्या ताफ्यानं सोडतात, वाटेत थांबायचं नाही आणि जारवांचे फोटो काढायचे नाहीत. हा नियम मनापासून पाळा. माझा एक विद्यार्थी सैन्यात आहे, तो तिकडे ड्युटीवर असताना जाऊन आला. फोनवर म्हणाला, "बाई, बरणीतल्यासारखंच हाय की, फक्त कुंपण घातलंय." कुंपण ओलांडायचं नाही. वाळलेली साय दिसते तशी टणक नसते, खाली पाय जातो. आणि काडी कधीच ओढायची नाही. बाहेर येणाऱ्या वायूत बहुतेक मिथेन असतो. ४ जुलै २०२१ ला अझरबैजानजवळ कॅस्पियन समुद्रातल्या एका बेटावर असा ज्वालामुखी फुटला आणि वायूनं पेट घेतला, आगीचा लोळ बाकू शहरातून दिसला. त्या एका देशात असे ३५० हून जास्त आहेत. बरणीत आपण साधी हवा वापरतो ती म्हणूनच.

परीक्षकांसमोर मुलाला काय बोलता यायला हवं, तेही तयार करून घ्या. एका प्रदर्शनात एका परीक्षकांनी आमच्या मुलीला विचारलं, "लाव्हा कुठाय?" ती म्हणाली, लाव्हा नसतो. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढे गेले, बक्षीस लाल फेसाला मिळालं. मला त्याचं अजून वाईट वाटतं, बक्षिसाचं नाही, तिचं उत्तर बरोबर होतं आणि तिला ते कोणी सांगितलं नाही याचं. तेव्हापासून मी मुलांना "याचा उपयोग काय" या प्रश्नाचं उत्तर आधी पाठ न करता समजून घ्यायला लावते.

उपयोग असा. आपण जमिनीत काही किलोमीटर खाली उतरू शकत नाही, पण हा चिखल तिथून येताना वाटेतल्या खडकांचे तुकडे घेऊन येतो. विहीर न खोदता खालच्या थरांचा नमुना हातात मिळतो. खाली तेल किंवा वायू असण्याची ती खूण असते, बाकूच्या आसपास दोन्ही एकाच पट्ट्यात आहेत. वर येणारा मिथेन हवेत जातो, आणि १०० वर्षांचा हिशेब धरला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या २८ ते ३० पट उष्णता धरतो. त्यामुळे हवामानाचा ताळा मांडताना माणसानं सोडलेल्या वायूबरोबर हा निसर्गाचा भागही मोजावा लागतो.

आणि धोका. इथे बरणीवरची ती चीर दाखवा आणि लुसी नावाच्या चिखलाच्या ज्वालामुखीची हकिगत सांगा. इंडोनेशियात पूर्व जावामध्ये सिदोआर्जो नावाचा भाग आहे, भातशेतीचा, आपल्यासारखाच दाट वस्तीचा. २९ मे २००६ रोजी तिथे भर शेतात जमिनीतून वाफाळणारा चिखल यायला लागला. सुमारे २०० मीटरवर वायूच्या शोधासाठी विहीर खोदण्याचं काम चालू होतं. दोन दिवस आधी अडीचशे किलोमीटरवर योग्यकर्ताला मोठा भूकंप झाला होता. खोदकामानं वाट मोकळी झाली की भूकंपानं, यावर शास्त्रज्ञांमध्ये वर्षानुवर्षं वाद चालला. चिखल मात्र थांबला नाही. भरात असताना दिवसाला १,८०,००० घनमीटरपर्यंत यायचा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ३ घनमीटर मावतं असं धरा, म्हणजे दिवसाला ६०,००० ट्रॉल्या. उसाच्या हंगामात कारखान्याच्या दारातली रांग बघितलेल्या पोरांना हा आकडा लगेच पोचतो. गावंच्या गावं गाडली गेली, हजारो कुटुंबं उठली, भोवती मातीचे बांध घालावे लागले, आणि आत जमीन खचत गेली. आपल्या भाकरीसारखी. लुसीचा चिखल गरम आहे, शेजारी खरा ज्वालामुखी असल्यानं, ही त्याची वेगळी गोष्ट.

"बाई, आपल्याकडे येईल काय?" हा प्रश्न लगेच येतो, आणि तो भीतीनं येतो, म्हणून नीट उत्तर द्या. नाही येणार. आपण भूखंडाच्या काठावर नाही, आणि पायाखाली कोवळ्या गाळाचे जाड थर नाहीत. बेळगावखालचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आणि गोकाकच्या धबधब्याखालचा खडक त्याहून कितीतरी जुना. त्यांच्यात पिळून निघण्यासारखं काही उरलेलं नाही.

तरी एक मुलगा हटून बसला होता, त्याच्या घरामागच्या जुन्या बोअरमधून चिखल उडाला होता. मी जाऊन बघितलं. शेजारच्या शेतात त्याच दिवशी नवी बोअर मारत होते. मशीन दाबाची हवा खाली सोडतं, ती खडकातल्या भेगांमधून सरकत जुन्या बोअरपर्यंत पोचते आणि तिथलं पाणी गाळासकट वर फेकते. मशीन थांबलं की थांबतं. हा चिखलाचा ज्वालामुखी नव्हे, पण कोंडलेला दाब वाट कशी शोधतो याचं याहून जवळचं उदाहरण तालुक्यात मिळणार नाही. त्या मुलानं त्याचं चित्र काढून बरणीशेजारी लावलं, आणि सगळ्यात जास्त गर्दी त्या चित्राभोवती झाली.

प्रदर्शन झालं की बरणी लगेच धुऊ नका. पंप काढा, आठवडाभर सावलीत वाळू द्या. मग बरणी कापून शंकू अख्खा बाहेर काढा आणि पातळ सुरीनं, पाण्यात बुडवून, वरून खाली एका दमात चिरा. आत कांद्यासारखे पदर दिसतात, एकेका ओघळाचा एकेक, मधोमध चिखल चढायची नळी. कुठल्या तासाला कळ जास्त उघडली होती, ते पदराच्या जाडीवरून मुलं स्वतः शोधून काढतात. त्यांना ते वहीत काढू द्या. भाकरीची माती भिजवून कुंभारमामांना परत द्या, काळी माती शिवारात.